परक्या मुलखातलं थ्रिलर आपल्याला का खिळवून ठेवतं?

नागपूरच्या माणसाला इस्तंबूलच्या गल्ल्यांशी काय घेणंदेणं? तरी धंतोलीत, नंदनवनात, जरीपटक्यात रात्री दीड वाजता एखाद्या खोलीत दिवा चालू असतो आणि बॉस्फरसच्या काठाने पळत सुटलेल्या माणसामागे कोणीतरी भराभर पानं उलटत असतं. सकाळची ड्युटी असते, डोळे चुरचुरत असतात, पण पुस्तक मिटवत नाही. या ओढीचं कारण विचारलं तर बहुतेक जण सांगतात, "बसल्या जागी परदेश पाहून होतो." मला हे उत्तर अपुरं वाटतं. परदेश पाहायला प्रवासवर्णनं आहेत, मोबाइलवर हवे तेवढे व्हिडिओ आहेत. त्यांच्यापायी कोणी झोपेचं खोबरं करत नाही. थ्रिलरमधला परका मुलूख वाचकावर वेगळंच काम करतो. ते काम कसं चालतं हे समजलं की कसदार थ्रिलर कोणतं आणि वरवर चकाकणारं कोणतं, हे पहिल्या तीस-चाळीस पानांतच ओळखू येतं.

मुळापासून बघू. कोणतीही थरारकथा एका प्रश्नावर चालते: पुढे काय होणार? टेबलाखाली बॉम्ब आहे, तो वाचकाला दिसलाय, टेबलाशी बसलेल्यांना दिसलेला नाही. आता ती माणसं निवांत गप्पा मारत बसली की वाचकाचा जीव टांगणीला लागतो. उत्कंठा समजावताना आल्फ्रेड हिचकॉक हेच उदाहरण देत असे. गोष्ट ओळखीच्या गावात घडत असेल तर एवढा एक प्रश्न पुरतो. ती परक्या मुलखात गेली की मात्र त्याला दुसरा प्रश्न येऊन चिकटतो: इथे काय चालतं आणि काय चालत नाही?

रात्री दारावर थाप पडली असं समजा. आपल्या मोहल्ल्यात असलो तर आपल्याला बरंच काही आधीच माहीत असतं. शेजारचे काका आवाज ऐकून बाहेर येतील का, खाकी वर्दीतल्या माणसाला कोणता कागद मागायचा, कोणाला फोन लावायचा, याचा अंदाज असतो. हीच थाप बैरुतमधल्या भाड्याच्या खोलीवर पडली तर? दार उघडणं धोक्याचं की न उघडणं? वर्दीतला माणूस सरकारचा की एखाद्या गटाचा? आत आलेल्याने चहा मागितला तर तो पाहुणा झाला, की आता सौदा ठरला? काही भयंकर घडण्याआधीच प्रत्येक साध्या गोष्टीला वजन येतं. पहिला प्रश्न प्रसंगापुरता असतो, प्रसंग संपला की त्याचं उत्तर मिळतं. दुसरा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत वाचकाच्या मानगुटीवर बसून असतो. परक्या मुलखातल्या थ्रिलरची सगळी ताकद या दुसऱ्या प्रश्नात आहे, असं मी मानतो. तिथली संस्कृती मागच्या पडद्यावर रंगवलेली नसते. ती कथेच्या गाठी घालते आणि सोडवतेही.

हे उलट्या बाजूने पाहिलं तर आपल्याला चटकन कळेल. सकाळी साडेसात वाजता नागपुरातल्या पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहा. ठेलेवाला प्लेटमध्ये पोहे टाकतो, त्यावर चण्याची लालभडक तर्री ओततो, वर कांदा, शेव, लिंबाची फोड. इथला माणूस दोन घास खाल्ले की न बोलता प्लेट पुढे करतो, आणि ठेलेवालाही न विचारता आणखी तर्री टाकतो. आता त्या गर्दीत एक माणूस आहे. काल त्याने सांगितलंय की त्याचा जन्म महाल या नागपुरातल्या जुन्या वस्तीतला, शाळाही महालातलीच. ठेलेवाल्याचा डाव पुढे येताच तो प्लेटवर हात आडवा धरतो आणि सुके पोहे मागतो. कोणाला तिखट वर्ज्य असू शकतं, हे खरं. पण तर्री येताना पाहून तो दचकला. महालात वाढलेला माणूस तर्री खाणार नसेल तर आधीच सांगेल, दचकणार नाही.

नागपूरकर वाचकाला हा इशारा क्षणात कळेल. लिस्बनच्या वाचकाला कळणार नाही. मग लेखकाने काय करायचं? त्याने वीस-तीस पानं आधी कुठेतरी, अगदी सहज, दोन पात्रांना त्याच ठेल्यावर उभं करायचं. ती दोघं वेगळ्याच विषयावर बोलत असतात, मध्येच एक प्लेट पुढे करतो, तर्री पडते, बोलणं चालू राहतं. वाचकाला आपण काही शिकतोय असं वाटतसुद्धा नाही. पुढे तो माणूस दचकला की लिस्बनमधला वाचकही ताठ बसतो आणि मनात म्हणतो, हा इथला नाही! या क्षणी वाचकाला जो आनंद होतो तो फार खास असतो. काही तासांपूर्वी ज्या गावाचं नाव धड उच्चारता येत नव्हतं, तिथली एक खूण त्याने स्वतः ओळखलेली असते. पाहुण्याचा तो थोडासा गावकरी झालेला असतो. प्रवासवर्णन माहिती देतं, थ्रिलर त्या माहितीवर कोणाचा तरी जीव अवलंबून ठेवतं, आणि जिवाशी जोडलेली माहिती माणूस विसरत नाही.

या कलेची एक जुनी मुळी आपल्याच देशात आहे आणि तिचा एक धागा विदर्भातून जातो. भारताची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू केली. मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूरचा झिरो माईलचा दगडी खांब आपण रोज ज्या वळणावर पाहतो, तोही याच मोजणीच्या परंपरेतला. पुढे हे काम हिमालयापर्यंत पोचलं आणि तिथे अडलं. तिबेटचे दरवाजे परक्यांना बंद होते. गोरा माणूस दिसला की सरहद्दीवरून परत पाठवला जाई. तेव्हा मोजणी खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरीने असा विचार केला की गोऱ्या माणसाने जायचंच कशाला? ज्यांचं तिबेटशी पिढ्यान्‌पिढ्यांचं येणंजाणं आहे, अशांनाच मोजणी शिकवू.

कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातला शाळामास्तर नैनसिंह रावत हा त्यांतला एक. त्याच्या लोकांचा तिबेटशी व्यापार चाले, तिथली भाषा आणि रीतभात त्याला येत होती. देहरादूनला त्याच्या पावलाचं माप पक्कं करून घेतलं गेलं: चढ असो, उतार असो, साधारण २००० पावलांचा एक मैल. मग त्याच्या हातात जपमाळ दिली. बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात. त्याच्या माळेत १०० होते. शंभर पावलांमागे एक मणी सरकवायचा, पूर्ण माळ झाली की १०,००० पावलं, म्हणजे पाच मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या कागदाऐवजी मोजणीच्या नोंदी. काठीत थर्मामीटर, कवड्यांमध्ये पारा, पेटीला चोरकप्पा. अशा तयारीने तो १८६५ मध्ये निघाला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. पाणी कोणत्या तापमानाला उकळतं ते पाहून त्याने त्या शहराची उंची काढली. पुढे, १८७७ मध्ये, लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

या हकिकतीत थ्रिलरला लागणारं सगळं आहे. नैनसिंहाचं चिलखत कोणतं होतं? जप करणाऱ्या यात्रेकरूला मध्येच थांबवून बोलायला लावू नये, ही तिथल्या माणसांची सभ्यता. आणि त्याचा सगळ्यात मोठा धोका कोणता? तीच माळ. कोणा भाविकाने ती हातात घेऊन मोजली असती तर आठ मणी कमी भरले असते. परंपरेनेच त्याला झाकलं होतं आणि तीच त्याला उघडंही पाडू शकत होती. रुडयार्ड किपलिंगची १९०१ सालची 'किम' ही कादंबरी याच पार्श्वभूमीतून आली. तिच्यात हेरांचं जाळं मोजणी खात्याच्या आडोशाने चालतं. इंग्रजीतल्या हेरकथांच्या अगदी सुरुवातीच्या काळातली ही कादंबरी लाहोरच्या रस्त्यावर सुरू होते, हे आपण मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं. परक्या मुलखातलं थ्रिलर पश्चिमेकडून आपल्याकडे आलं असं आपण धरून चालतो. त्याचं बियाणं बऱ्याच अंशी इथलं आहे.

आता पुढचा प्रश्न. हे लेखक फिरून फिरून त्याच त्या शहरांकडे का जातात? इस्तंबूल, व्हिएन्ना, टँजियर, बर्लिन, हाँगकाँग. ही शहरं दिसायला सुंदर आहेत हे खरं, पण सुंदर शहरं जगात पुष्कळ आहेत. या शहरांत एका काळी एकाच जागेवर अनेकांची सत्ता होती, किंवा कोणाचीच पुरती नव्हती. व्हिएन्ना १९४५ ते १९५५ अशी दहा वर्षं अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्यात वाटलेली होती, आणि शहराचा मधला भाग चौघांच्या सामायिक ताब्यात होता. तिथे गस्तीच्या एकाच जीपमध्ये चार देशांचे चार शिपाई बसत. चोर पकडला तर तो कोणाचा? मोरोक्कोतलं टँजियर १९५६ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्षेत्र होतं. तिथे ब्रिटिश, फ्रेंच आणि स्पॅनिश अशी तिन्ही देशांची टपाल कार्यालयं चालत. गुप्त पत्र पाठवायचं तर कोणत्या पेटीत टाकायचं, इथपासून कथानक सुरू होतं. हाँगकाँग १९९७ पर्यंत ब्रिटिशांचं होतं आणि दारात चीन. अशा शहरांत माणसं रोज दोन-तीन नियमावल्या डोक्यात ठेवून जगतात. लेखकाला संघर्ष बाहेरून आणावा लागत नाही.

तुर्कस्तानचं एक खरं प्रकरण सांगतो, कारण त्यात आणखी एक मुद्दा दडलाय. दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तान जवळजवळ शेवटपर्यंत तटस्थ राहिला, त्यामुळे अंकारात ब्रिटिश आणि जर्मन वकिलाती काही अंतरावर शांतपणे नांदत होत्या. ब्रिटिश राजदूताच्या घरी एल्येसा बाझना नावाचा खासगी नोकर होता. राजदूताचे कपडे, त्याच्या वेळा, त्याच्या सवयी सांभाळणारा. १९४३-४४ मध्ये त्याने राजदूताच्या गुप्त कागदांचे फोटो काढून जर्मनांना विकले. त्यांनी त्याला 'सिसेरो' हे सांकेतिक नाव दिलं आणि मोबदल्यात पौंडांच्या थप्प्या दिल्या. त्यातल्या बहुतेक नोटा जर्मनांनीच छापलेल्या खोट्या होत्या, हे त्याला युद्धानंतर कळलं. इतकं मोठं गुपित नोकराच्या हाती कसं लागलं? साहेबांच्या त्या जगात नोकर खोलीत असला तरी तो 'असतो' असं कोणी धरतच नसे. संस्कृती कोणाला दृश्य ठेवते आणि कोणाला अदृश्य, हे ज्या लेखकाला कळतं त्याला कथानकाची चावी सापडते.

म्हणूनच अशा कादंबऱ्यांत मला नायकापेक्षा मधला माणूस जास्त आवडतो. दुभाषा, टॅक्सीवाला, परदेशी बातमीदाराची सगळी सोय लावून देणारा स्थानिक 'फिक्सर', दोन धर्मांच्या किंवा दोन देशांच्या आईबापांचं मूल. दोन पक्ष समोरासमोर बसलेत, एकमेकांची भाषा कळत नाही, मध्ये दुभाषा. त्या खोलीत दोन्ही बाजूंचं सगळं कळणारा तो एकटाच. त्याने एक वाक्य गाळलं तर सौदा मोडेल, एक वाक्य मऊ केलं तर कोणाचा तरी जीव वाचेल. बंदूक दुसऱ्याच्या हातात असते पण प्रसंगाचा लगाम त्याच्याकडे असतो. नागपूरच्या वाचकाला हा माणूस लगेच ओळखीचा वाटतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात जाईपर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या राज्याचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही मुलखांवर चाले. आजही इतवारीतला दुकानदार एका दमात एका गिऱ्हाईकाशी हिंदी, दुसऱ्याशी मराठी आणि गल्ल्यावरच्या भावाशी मारवाडी किंवा सिंधी बोलतो, आणि भाव कोणत्या भाषेत कमी होतो हेही त्याला पक्कं माहीत असतं.

रीतीभातींइतकीच मजा कायद्याच्या फरकात असते, पण तिच्याकडे वाचकांचं लक्ष जरा कमी जातं. इटलीत एकाहून अधिक पोलीस दलं आहेत, त्यांतलं काराबिनिएरी हे लष्करी दल आहे. एकाच गुन्ह्यावर दोन दलांचे अधिकारी एकमेकांना पाण्यात पाहत काम करतायत, हे तिथल्या कथांमध्ये सहज येतं. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याचा तपास न्यायाधीश स्वतः चालवू शकतो. आपल्याकडचंच बघा ना. नागपूरहून इटारसीकडे गाडी निघाली, काटोल गेलं, नरखेड गेलं, पुढे पांढुर्णा आलं की मध्य प्रदेश. आता नरखेड आणि पांढुर्णा यांच्या मध्ये कुठेतरी डब्यात प्रेत सापडलं. लोहमार्ग पोलीस राज्याचे, रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, गुन्हा नक्की कोणत्या हद्दीत घडला ते कोणालाच ठाऊक नाही. हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्याला 'झिरो एफआयआर' नोंदवून तो पुढे पाठवता येतो. पण पाठवेपर्यंत जे तास जातात, त्यात साक्षीदार पुढच्या स्टेशनवर उतरून जातात. हे सगळं कागदोपत्री आहे आणि तरीही अंगावर काटा आणतं.

इतकं कौतुक केल्यावर खटकणाऱ्या गोष्टीही स्पष्ट बोलल्या पाहिजेत. परक्या मुलखातली पुष्कळ थ्रिलर्स त्या मुलखाचा नुसता मसाला म्हणून वापर करतात. दर प्रकरणाला नवं शहर, विमानतळ, बाजारातला पाठलाग, उलटलेली फळांची गाडी, अजानेचा आवाज, पुन्हा विमानतळ. त्या शहराचं नाव खोडून दुसरं घातलं तरी गोष्टीला ओरखडाही पडत नाही. हे कसं बिघडतं ते आपल्या मुलखावर लावून पाहा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत असे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, सोबत राजकारणावर आणि महागाईवर टीका करणारे बडगे, म्हणजे आणखी पुतळे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर, ढोलताशे, तोबा गर्दी, शेवटी दहन. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते: नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, माणसं जखमी होतात, काही वेळा जीवही गेलेत. बाहेरच्या वरवरच्या लेखकाला या दोन्ही गोष्टी मिळाल्या तर तो काय करेल? जळणारी अक्राळविक्राळ बाई, दगड फेकणारे लोक, घाबरलेला परदेशी नायक, झालं प्रकरण. नागपूरचा माणूस ते पान वाचून पुस्तक बाजूला ठेवेल, आणि त्याचा राग रास्त असेल.

जाणता लेखक तिथे थांबून विचारेल. मारबतीच्या दिवशी कोणते रस्ते बंद असतात? अॅम्ब्युलन्स कुठून निघते? या गर्दीत कोणाला वाट मिळते आणि कोणाला नाही? बडग्यावर ज्याचं नाव लिहिलंय तो माणूस त्या रस्त्याने घरी जायला धजेल का? मिरवणुकीत लहान पोरांना खांद्यावर घेऊन आयाबाया, आजोबा उभे असतात. मग पळणाऱ्या नायकाला ही गर्दी दंगल वाटते, आणि त्याला लपवू पाहणाऱ्या नागपूरकर मुलीला ती सगळ्यात सुरक्षित जागा वाटते. दोघांना दिसतंय एकच, कळतंय वेगवेगळं. आता थरार खरा झाला. गोटमारीच्या बाबतीत तर मी आणखी काळजी मागेन. ज्या गावातल्या घरांत त्या दिवशी जखमा होतात, तिथली माणसं या परंपरेबद्दल आपसांत काय बोलतात, कोणाला ती थांबावीशी वाटते, कोणाला नाही, हे न समजता ते दृश्य उचलणं मला लबाडी वाटते.

जागा स्वतः पाहून लिहिणं का महत्त्वाचं, याची एक हकिकत जॉन ल कारे या ब्रिटिश कादंबरीकाराने सांगून ठेवली आहे. त्याने हाँगकाँगच्या फेरीबोटीवरचा एक प्रसंग जुन्या मार्गदर्शिकेच्या आधारे लिहिला. नंतर तो तिथे गेला तेव्हा कळलं की बंदराखालून बोगदा झालाय. तो १९७२ मध्ये सुरू झाला होता. त्याला ते इतकं लागलं की न पाहिलेल्या जागेबद्दल पुन्हा लिहायचं नाही असं त्याने ठरवलं. आपल्याकडे असंच २०१८ च्या नकाशावरून कोणी सीताबर्डीतला पाठलाग लिहिला, तर त्यात मेट्रोचं स्टेशनच नसेल. २०१९ पासून तिथे माणूस कोणत्या जिन्याने नाहीसा होऊ शकतो याचं गणित बदललंय.

दुसरा दोष जास्त खोल आहे. खलनायक कोण, हे त्या त्या काळचं राजकारण ठरवतं. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश कथांत जर्मन, शीतयुद्धात रशियन, २००१ नंतर अरब आणि अफगाण. लेखकाला तेवढ्यासाठी मोडीत काढावं असं मी म्हणणार नाही. वाचताना माझी एक कसोटी असते: त्या मुलखातल्या माणसाला नायकाला मदत करणं किंवा मारणं यापलीकडे स्वतःचं काही काम आहे का? कैरोतल्या हॉटेलवाल्याला मुलीच्या लग्नाची चिंता आहे का, ताश्कंदच्या ड्रायव्हरला गाडीचे हप्ते भरायचेत का? असतील तर लेखकाने त्याला माणूस म्हणून पाहिलंय. अलीकडे त्या त्या देशांतले लेखक स्वतःच आपल्या शहरांवर थ्रिलर लिहितात आणि त्यांची भाषांतरं जगभर जातात, त्यामुळे ही कसोटी वाचकांनाही सवयीची होत चालली आहे. फार चांगलं झालं हे.

मराठीत या प्रकाराचा वाचक नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांची पुस्तकं वाचनालयांत हातोहात फिरली. परदेशी थ्रिलर्सची भाषांतरं आज मराठी प्रकाशनांचा ठळक भाग आहेत. या भाषांतरांबद्दल एकच तक्रार करतो. पुष्कळदा संक्षेप करताना जेवणाची, बाजाराची, घरातल्या वागणुकीची वर्णनं आधी कापली जातात. पाठलाग आणि गोळीबार तसाच राहतो. लांबण लावली असं समजून जे कापलं, तिथेच लेखकाने वाचकाला रीत शिकवलेली असते. तीस पानांनी त्या रीतीवर आधारलेला इशारा येतो आणि मराठी वाचकाला कळतच नाही की नायक इथे एवढा का चमकला. गोष्ट वेगवान झाली असं वाटतं, आणि खरं तर ती बुडापासून पोकळ झालेली असते. कापायचंच असेल तर एखादा पाठलाग कापा.

आणि आपल्या शहरावर असं थ्रिलर का नसावं? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं, भोसल्यांनी वाढवलेलं, मग इंग्रजांच्या हाती गेलेलं हे शहर. शेजारी कामठीला १८२१ पासूनची छावणी, आणि तिथेच जपानी मदतीतून उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर. धम्मचक्र प्रवर्तनदिनाला दीक्षाभूमीवर देशोदेशींचे भिक्षू येतात. फाळणीनंतर आलेले सिंधी जरीपटक्यात आहेत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग इथेच एकमेकांना छेदतात. परकेपणा आणि ओळख यांची अशी सरमिसळ बाहेर शोधायला जायची गरज नाही.

मला स्वतःला सगळ्यात मोह होतो तो रात्रीच्या विमानटपालाचा. जानेवारी १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून टपाल घेऊन विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरांकडे परतत. नुकताच स्वतंत्र झालेला देश, फाळणीची जखम ताजी, हैदराबाद संस्थान काही महिन्यांपूर्वी भारतात आलेलं, आणि देशाच्या चारी टोकांची पत्रं रोज रात्री थोडा वेळ एकाच धावपट्टीच्या कडेला ठेवलेली. एक पिशवी चुकीच्या विमानात गेली तर? ती चुकून गेली नसेल तर? हे लिहायचं तर बरंच शोधावं लागेल. पिशव्यांवर खुणा कशा असत, शिक्के कोण तपासत असे, पाऊस आला की काय करत, वैमानिक तेवढ्या वेळात काय खात, त्या अंधारात कोणाचं येणंजाणं कोणालाच खटकत नसे. यातलं पुष्कळसं कुठल्याच फायलीत मिळणार नाही. ते सोनेगावला आणि टपाल खात्यात तेव्हा काम केलेल्या, आता फार वय झालेल्या माणसांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे असेल. नागपुरात कोणाच्या डोक्यात अशी कादंबरी घोळत असेल तर त्याने आधी त्यांच्याकडे जावं, आणि लवकर जावं.